ट्रकवरची एक्स्ट्रा लाईट सारखी ढिली का होते? गोम बोल्टच्या जाडीत नाही, तर त्याच्या पकडीत आहे

रात्री फोंडा घाट उतरताना समोरून एखादा ट्रक येतो. त्याच्या हेडलाईटचा उजेड नीट रस्त्यावर पडलेला असतो, पण बंपरवर बसवलेल्या दोन जादा लाईट्सपैकी एक थेट आभाळाकडे बघत असते. सेकंदभर पुढचं काहीच दिसत नाही. आपण ड्रायव्हरला चार शिव्या घालून मोकळे होतो.

पण बऱ्याचदा त्याने ती लाईट तशी लावलेलीच नसते. गॅरेजमधून निघताना ती सरळ होती, वाटेत वळली.

का वळली? गॅरेजमध्ये याचं ठरलेलं उत्तर असतं, "बोल्ट बारीक पडला, जाड टाकू." जाड बोल्ट टाकूनही महिनाभरात पहिले पाढे पंचावन्न.

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, अगदी रबरासारखा. तो पुन्हा आखडायला बघतो आणि त्या ओढीने लाईटची पट्टी बंपरच्या पत्र्यावर घट्ट दाबून धरतो. लाईट जागेवर राहते ती या दाबामुळे. दाब गेला की बोल्ट कितीही जाड असो, तो भोकात नुसता उभा असतो.

1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगातून दाखवून दिलं की नट सुटायला आडवे हादरे सगळ्यात जास्त कारणीभूत असतात. आवळलेले दोन भाग एकमेकांवर डावी-उजवीकडे सरकू लागले, की आट्यांमधली पकड क्षणभर सुटते आणि नट आपोआप थोडासा उलटा फिरतो. ट्रकच्या बंपरवर हे अखंड चालू असतं. इंजिनाची थरथर, खड्डे, गतिरोधक, रिकाम्या गाडीचं आदळणं.

अशा चाचण्यांमध्ये आपल्याकडच्या लाडक्या स्प्रिंग वॉशरचीही फजिती झाली. नट पूर्ण आवळला की तो वॉशर चपटा होतो आणि त्यानंतर साध्या वॉशरपेक्षा फारसं वेगळं काही करत नाही. त्यापेक्षा आत नायलॉनची रिंग असलेला नायलॉक नट चांगला, कारण ती रिंग आटे धरून ठेवते. मात्र एकदा काढलेला नायलॉक पुन्हा वापरू नये, रिंग घासलेली असते.

तरीही नुसता नट बदलून भागत नाही. लाईट हलणारच नाही अशी बसवणं जास्त महत्त्वाचं. एका बोल्टवर उभी केलेली उंच लाईट म्हणजे तरफच. वर वजन, खाली एकच टेकू. मागच्या बाजूने एक आधाराची पट्टी दिली की डोलणं बरंच थांबतं. बंपरचा पत्रा पातळ असेल तर त्याच्या मागून जाड लोखंडी पट्टी लावून मग बोल्ट आवळावा. पत्र्यात नुसते स्क्रू पिळले, तर काही दिवसांत भोकंच मोठी होतात.

"त्यापेक्षा वेल्डिंगच मारून टाका की!" हा सल्लाही हमखास मिळतो. वेल्डिंगने रंग जळतो, गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय बीएस-6 ट्रकमध्ये ठिकठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स आहे. बॅटरी न सोडवता वेल्डिंग केलं, तर लाईटपेक्षा कितीतरी महाग असलेलं युनिट उडू शकतं.

आता वायर. ट्रकची वीज 24 व्होल्टची असते, कारची 12. म्हणजे 100 वॅटच्या दोन हॅलोजन लाईट्स ट्रकवर साधारण 8 अँपिअर खेचतात. त्यासाठी बॅटरीजवळ फ्यूज आणि मध्ये रिले हवाच. लाईट ढिली झाली की तिच्यासोबत वायरही हलते आणि पत्र्याच्या धारदार कडेवर घासत राहते. आवरण फाटून तांबं पत्र्याला टेकलं आणि मध्ये फ्यूज नसला, तर आग लागायला वेळ लागत नाही. भोकात बसवायचं रबरी ग्रोमेट मिळतं किरकोळ पैशांत, पण घाईत नेमकं तेच राहून जातं.

लाईट केबिनच्या टपावर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इंजिनाचं काम निघालं की बऱ्याच ट्रकची केबिन पुढे झुकवतात. वायर ताणून बांधलेली असेल, तर पहिल्याच वेळी ती उपटून निघते.

कायद्याचंही थोडं बघायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 106 नुसार पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. दिव्यापासून 8 मीटरवर, 1.5 मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे त्याने दिपता कामा नयेत. आणि बरेच जण ज्यावर लाईट लावतात, त्या बुल गार्डवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं होतं. त्यामुळे गार्डवर कितीही पक्की लाईट बसवली, तरी पावती फाटू शकते.

नट सुटतोय की नाही हे ओळखायची एक स्वस्त युक्ती आहे. आवळून झाल्यावर नट आणि त्याखालच्या पट्टीवर मिळून ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढायची. मग ढाब्यावर चहाला थांबल्यावर टॉर्च मारून बघितलं तरी पुरतं. रेघ तुटलेली दिसली, की पाना काढायचा.