पाउंडाची पेन्शन, जव्हारचा पत्ता

जव्हारच्या बाजारात ‘पेन्शन’ हा शब्द कानावर पडला, तर तो बहुधा तीन अर्थांनी पडतो. एक निवृत्त मास्तरांची आणि तलाठ्यांची, दुसरी एस.टी.तल्या माणसांची तुटपुंजी, आणि तिसरी संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेची, महिना १५०० रुपयांची. मोखाड्याकडे गेलं की पहिल्या दोन जवळजवळ नाहीशा होतात आणि तिसरीच उरते. माझ्या पाहण्यात एक चौथीही आली: पाउंडाची. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले एक गृहस्थ इथल्या थंड हवेसाठी २००५ साली येऊन राहिले. अलीकडे कागदांची पिशवी घेऊन ते माझ्याकडे आले. “अहो, कर किती बसेल तेवढं सांगा, बाकीचं मी बघतो,” म्हणाले. मी काही सनदी लेखापाल नव्हे. पण कायद्याची पुस्तकं वाचण्याचा नाद आहे, म्हणून बसलो.

हा प्रश्न या गावाला तसा नवा नाही. जव्हार हे मुकण्यांचं संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर संस्थानिकांना मिळू लागलेला तनखा हीसुद्धा एका अर्थी पेन्शनच होती, आणि राज्यघटनेच्या कलम २९१ नं ती आयकरातून पूर्ण मोकळी ठेवली होती. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं तनखे गेले आणि सवलतही गेली. उलट दिशेची पेन्शनही होती. इंग्रज आय.सी.एस. अधिकारी निवृत्त होऊन मायदेशी जात आणि त्यांची पेन्शन हिंदुस्थानच्या महसुलातून लंडनमध्ये चुकती होई. दादाभाई नौरोजींनी ज्याला संपत्तीचा निचरा म्हटलं, त्यातला हा एक ठळक ओघ. गंमत अशी की १९६१ च्या आयकर कायद्यातही, कलम ९ च्या दुसऱ्या पोटकलमात, घटनेच्या कलम ३१४ खालच्या अशा अधिकाऱ्यांची परदेशात मिळणारी पेन्शन भारतातलं उत्पन्न मानू नये, असं नमूद केलेलं आहे. घरी परतलेल्या साहेबाची काळजी स्वतंत्र भारताच्या कायद्यानंही वाहिली. आपल्या परतणाऱ्या माणसासाठी मात्र त्याला हिशेब मांडावा लागतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण जव्हार-मोखाड्यात तो वारंवार भेटतो. ‘आदिवासींना आयकर नसतो’ हे विधान आपल्याकडे खरं नाही. ती सूट कलम १०(२६) ची आहे आणि ती ईशान्येकडचे विशिष्ट प्रदेश व लडाख इथल्या अनुसूचित जमातींपुरतीच आहे. पाचव्या अनुसूचीत असलेल्या आपल्या तालुक्यांना ती लागू नाही.

आता मूळ मुद्दा. आयकर माणसाचं नागरिकत्व विचारत नाही, तो किती दिवस कुठे राहिला ते विचारतो. भारतात पूर्ण अर्थानं ‘निवासी’ ठरलेल्या माणसाला जगभरातल्या उत्पन्नावर इथे कर द्यावा लागतो. पण परतलेला माणूस पहिल्याच दिवशी तिथे पोचत नाही. मधे एक पायरी आहे: ‘निवासी, पण साधारण निवासी नव्हे’. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं जो अनिवासी होता, किंवा मागच्या ७ वर्षांत मिळून ज्याचा भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नाही, तो या पायरीवर. त्याच्या परदेशी पेन्शनला भारत हात लावत नाही.

दिवाळी अंकात दिवाळीचंच उदाहरण घेऊ. वीसेक वर्षं बाहेर काढलेले आणि दरवर्षी महिनाभर सुट्टीला येणारे दोन भाऊ आहेत असं धरा. थोरला २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे १० मेला कायमचा परतला. धाकटा त्याच वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला, १ नोव्हेंबरला. थोरल्याचे त्या आर्थिक वर्षातले दिवस ३२६ भरले, १८२ च्या वर गेले, म्हणून तो त्याच वर्षी निवासी झाला. २०२४-२५ आणि २०२५-२६ ही दोन वर्षं मधल्या पायरीवर. तिसऱ्या वर्षी ७२९ दिवसांची कसोटी त्याला वाचवू शकली असती, पण दोन वर्षांचेच ६९१ दिवस होतात. आधीच्या पाच वर्षांच्या सुट्ट्या मिळून ३८ दिवसांत बसायला हव्या होत्या. त्या बसत नाहीत. धाकट्याचे पहिल्या वर्षी नोव्हेंबरपासून १५१ दिवसच भरले, म्हणून ते वर्ष तो अनिवासीच राहिला आणि त्याची दोन वर्षं तिथून पुढे सुरू झाली. थोरल्याची पेन्शन एप्रिल २०२६ पासून भारताच्या कराखाली येते, धाकट्याची एप्रिल २०२७ पासून.

या काळात एक फसगत होते. पेन्शन थेट भारतातल्या बँकेत जमा करून घेतली, तर ती ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ ठरते आणि मधल्या पायरीचा उपयोग राहत नाही. ती आधी तिकडच्या खात्यात जमा व्हावी आणि मग लागेल तशी आणावी.

पुढचा प्रश्न दोन्ही देश कर मागतील का, हा. त्यासाठी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत. ब्रिटनशी असलेला करार १९९३ चा. त्यानुसार खासगी कंपनीची पेन्शन आणि तिथली सरकारी वृद्धत्व पेन्शन यांवर फक्त राहत्या देशाचा, म्हणजे आपला हक्क. पण तिथल्या सरकारी नोकरीची पेन्शन असेल तर कर ब्रिटनचा. अपवाद एवढाच की माणूस भारतात राहणारा आणि भारताचा नागरिकही असला पाहिजे. म्हणजे एकाच कचेरीतून निवृत्त झालेल्या दोघांपैकी भारतीय पासपोर्ट जपलेल्याचा कर इथे आणि ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्याचा तिथे. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

अमेरिकेच्या करारात उलटं आहे. तिथल्या सोशल सिक्युरिटीवर फक्त अमेरिका कर घेते आणि अमेरिकी नागरिक नसलेल्या, भारतात राहणाऱ्या माणसाच्या रकमेच्या ८५ टक्क्यांवर ३० टक्के, म्हणजे एकूण २५.५ टक्के, आधीच कापून घेते. खासगी पेन्शन मात्र इथे करपात्र. तिथल्या निवृत्ती खात्यांत साठत जाणाऱ्या वाढीवर दरवर्षी इथे कर लागू नये, म्हणून २०२१ साली कलम ८९अ आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या खात्यांना ते लागू आहे आणि त्याचा पर्याय स्वतः निवडावा लागतो. शिवाय तिकडे जे करमुक्त, ते इकडेही करमुक्त, असं धरून चालू नये.

आमच्या गृहस्थांच्या पिशवीकडे वळतो. ते केव्हाच पूर्ण निवासी झालेले. ब्रिटनमध्ये २००५-०६ साली पूर्ण मूलभूत पेन्शन आठवड्याला ८२.०५ पाउंड होती. हिशेबाला सोपं म्हणून पाउंड १०० रुपयांचा धरला, तर वर्षाचे सुमारे ४ लाख २७ हजार होतात. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंत करच नाही. कंपनीची छोटी पेन्शन मिळवली तरी ते त्या रेषेच्या खूप खाली. ज्या कराच्या धास्तीनं ते आले, तो शून्य.

पण त्यांच्या कागदांवर आजही ८२.०५ हाच आकडा होता. तेच गृहस्थ लेस्टरमध्ये राहिले असते तर २०२५-२६ मध्ये आठवड्याला १७६.४५ पाउंड मिळाले असते. आपल्या धरलेल्या दरानं वर्षाला ४ लाख ९० हजारांचा फरक. ब्रिटन आपल्या पेन्शनधारकांची रक्कम दरवर्षी वाढवतं, पण परदेशी गेलेल्यांच्या बाबतीत ठरावीक देशांतच. अमेरिकेत वाढते, फिलिपाइन्समध्येही वाढते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथे गोठते. वर्गणी सगळ्यांनी सारखीच भरलेली. दक्षिण आफ्रिकेत राहायला गेलेल्या अ‍ॅनेट कार्सन यांनी याविरुद्ध दाद मागितली. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये २००५ साली त्या हरल्या आणि स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे १६ मार्च २०१० रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी पुन्हा हरल्या. माझ्या मते त्या सहा न्यायाधीशांचं बरोबर होतं. परतायचं ठरवणारे लोक कराबद्दल दहा जणांना विचारतात, या गोठण्याबद्दल कुणालाच विचारत नाहीत. कर पुढच्या अर्थसंकल्पात कमी होऊ शकतो. गोठलेला आकडा भारतात राहाल तोवर तसाच असतो.

कर नसला तरी कागद आहेत. पूर्ण निवासी माणसानं परदेशातली खाती आणि मालमत्ता विवरणपत्राच्या ‘एफए’ परिशिष्टात दाखवायला हव्यात. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण किंमत २० लाखांच्या आत असेल तर या दंडातून सुटका आहे. गृहस्थांचं लेस्टरमधलं जुनं बचत खाते कुठेच दाखवलेलं नव्हतं. त्यात पैसे थोडेच होते, तरी यंदा दाखवायला लावलं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा आहे. त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून वरचे आकडे लिहून घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पिशवीच्या तळाशी एक न उघडलेलं पाकीट होतं. ब्रिटनच्या पेन्शन खात्याचा हयातीचा दाखला. तो साक्षीदाराच्या सहीनं १६ आठवड्यांत परत गेला नाही, तर पेन्शन थांबते. पाकिटावरच्या तारखेपासून अकरा आठवडे उलटले होते. कर राहू द्या, आधी डॉक्टरांकडे चला, असं म्हणून मी चपला घातल्या.