सोयाबीनच्या बियाण्याची घरगुती परीक्षा

रोहिणी नक्षत्र सरत आलें म्हणजे पेरणीची धांदल सुरू होते. तिफण दुरुस्त होते, खताची सोय पाहिली जाते, मजुरांशीं बोलणीं होतात. परंतु ज्याच्यावर सारें पीक अवलंबून, त्या बियाण्याची चौकशी बहुधा 'घरचेंच आहे, चांगलेंच असणार' एवढ्यावर संपते. या विश्वासापायीं दरवर्षीं कोणा ना कोणाच्या शेतांत दुबार पेरणी होते. सन २०२० च्या खरिपांत सोयाबीन उगवलें नाहीं अशा हजारों तक्रारी महाराष्ट्रांत झाल्या, व त्यांत विकतच्या बियाण्याविषयींही पुष्कळ होत्या. तात्पर्य, बियाणें घरचें असो वा दुकानचें, परीक्षा केल्याविना त्यावर भिस्त ठेवणें बरें नव्हे.

सोयाबीनचें बियाणें घरीं राखण्यास शास्त्राची कांहीं हरकत नाहीं. हें पीक स्वपरागसिंचित असून त्याचीं वाणें सरळ आहेत. संकरित कपाशीप्रमाणें दरवर्षीं नवें बियाणें घेण्याचें त्यास कारण पडत नाहीं. एकदां प्रमाणित बियाणें आणलें, कीं त्याच्या उत्पन्नांतून राखलेलें बियाणें पुढें दोन वर्षें खुशाल वापरावें व मग बदलावें, असें तज्ज्ञांचें सांगणें आहे.

मग अडचण कोठें येते? सोयाबीनचा दाणा फार नाजूक आहे. ज्वारीस किंवा तुरीस जें सोसतें तें यास सोसत नाहीं. याचें आवरण पातळ असून अंकुर त्याच्या लगतच असतो. मळणीयंत्र वेगानें फिरलें, पोतें उंचावरून आदळलें, कीं दाणा वरून अखंड दिसला तरी आंतील अंकुर दुखावतो. काढणीच्या वेळीं पावसांत भिजलेल्या शेंगांतील दाणेही असेच हीनबळ होतात. त्यांत तेलाचा अंश बराच असल्यामुळें ओल व उष्णता लागतांच उगवणशक्ति लवकर घटते. याकरितां दाण्यांतील ओलावा ९ ते १२ टक्क्यांच्या आंत येईपर्यंत वाळवून, पोतीं लांकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर व हवेशीर जागीं ठेवावीं. एकावर एक फार उंच रचूं नयेत.

येथें स्वतःचा अनुभव सांगणें प्राप्त आहे. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. दप्तरांत एका रुपयाचा ताळा लागला नाहीं तर दिवेलागणीपर्यंत बसणारा मी; परंतु निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पेरणीस मला शंभर दाणे मोजण्याची बुद्धि झाली नाहीं. पोतीं पडवींत एकावर एक आठ रचलेलीं होतीं. पाऊस वेळेवर झाला, वाफसाही उत्तम आला. पण आठव्या दिवशीं पाहतों तों शेतांत हातहात अंतरावर एकेक रोप. बियाणें, खत व मजुरी दुसऱ्यानें खर्चावी लागली आणि पेरणी बारा दिवस मागें पडली तें निराळेंच. दोष पावसाचा नव्हता, माझाच होता.

आतां परीक्षेची रीत सांगतों. ती राहुरी, अकोला व परभणी येथील कृषि विद्यापीठांचे व कृषि विज्ञान केंद्रांचे तज्ज्ञ शेतकऱ्यांना सांगत असतात. तिला एक पैचाही खर्च नाहीं. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून व तळांतून मूठमूठ बियाणें काढून एकत्र मिसळावें व त्यांतून, चांगले दाणे न निवडतां, सरसकट तीनशें दाणे मोजून घ्यावे. स्वच्छ धुतलेल्या गोणपाटाचे सहा तुकडे करावे. एक तुकडा ओला करून पसरावा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी थोड्याथोड्या अंतरानें मांडाव्या, वरून दुसरा ओला तुकडा घालून हलक्या हातानें गुंडाळी करावी. अशा तीन गुंडाळ्या सावलींत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावें; ओल राहावी, पण पाणी सांचूं नये. सहा-सात दिवसांनीं त्या उघडून मोजदाद करावी. हें काम घरांतील शाळकरी मुलेंसुद्धां हौसेनें करतील.

मोजतांना स्वतःची फसवणूक करूं नये. ज्याचें मूळ व कोंब दोन्ही निरोगी व अखंड आहेत तोच दाणा उगवला असें धरावें. केवळ फुगलेला, बुरशी आलेला, मूळ तुटलेला किंवा वेडावांकडा कोंब आलेला दाणा मेलेल्यांत जमा करावा. शेतांत तो मातीवर येणार नाहीं.

तिन्ही गुंडाळ्यांची सरासरी ७० किंवा अधिक आली तर बियाणें पेरण्यास योग्य आहे. मग नेहमींच्या प्रमाणानें, म्हणजे हेक्टरीं ७५ किलो किंवा एकरीं सुमारें ३० किलो, पेरावें. ७० च्या खालीं दर एका टक्क्यास एकरीं अर्धा किलो बियाणें वाढवावें. उदाहरणार्थ, तीन गुंडाळ्यांत ६८, ६३ व ६४ दाणे उगवले तर सरासरी ६५ होते. म्हणजे पांच टक्के कमी. तेव्हां एकरीं अडीच किलो वाढवून साडेबत्तीस किलो पेरावें. पांच एकरांस १५० किलोंच्या ऐवजीं १६२॥ किलो लागतील. हे साडेबारा किलो जड वाटतील, परंतु दुबार पेरणीच्या मानानें तें कांहींच नव्हे. सरासरी ६० च्या खालीं गेली तर तें बियाणें पेरण्याचा मोह सोडावा व दुसरें मिळवावें.

यास्तव परीक्षा मे महिन्यांतच करावी, म्हणजे दुसरें बियाणें शोधण्यास अवधि मिळतो. बीजप्रक्रिया परीक्षेनंतरच करावी. औषध चोळलेलें बियाणें नापास ठरल्यास तें बाजारांत विकतां येत नाहीं, कीं जनावरांस घालतां येत नाहीं. न चोळलेलें मात्र धान्य म्हणून विकतां येतें.

बीजप्रक्रिया करतांना बुरशीनाशक प्रथम लावावें व रायझोबियम जीवाणुखत शेवटीं, दर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणांत लावावें. दाणा जोरानें चोळूं नये. बियाणें सावलींत सुकवून त्याच दिवशीं पेरावें. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत खोल ओल गेल्यावांचून तिफण जुंपूं नये. आणि दाणा दोन बोटांहून, म्हणजे ३ ते ४ सेंटिमीटरांहून, खोल पाडूं नये. परीक्षेंत उतरलेलें बियाणेंही खोल पडल्यास वर येत नाहीं.

विकतच्या बियाण्याविषयीं एक गोष्ट दप्तरी माणूस म्हणून आवर्जून सांगावीशी वाटते. पावती जपावी. पिशवी खालच्या बाजूनें फोडावी, म्हणजे वरचें प्रमाणपत्र व शिवण शाबूत राहते. आणि मूठभर बियाणें त्याच पिशवींत शिल्लक ठेवावें. उगवण न झाल्यास तालुका कृषि अधिकाऱ्यांमार्फत तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज विनाविलंब करावा. पुरावा हातीं नसेल तर खरी तक्रारही लंगडी पडते. घरच्या बियाण्याचीही परीक्षेची तारीख, वाण व उगवलेले दाणे वहींत टिपून ठेवावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून आपली साठवण कोठें चुकते तें आपोआप कळूं लागतें.

शेतकरी बंधूंनो, पाऊस आपल्या हातीं नाहीं, बाजारभावही नाहीं. परंतु तीनशें दाणे मोजणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. यंदा तिफणीस हात घालण्यापूर्वीं गोणपाटास हात घाला, एवढीच विनंती.