प्रोस्टेटची कड शोधताना

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते, मागे गुदाशयाला जवळजवळ चिकटलेली, आणि तिच्या मधूनच मूत्रमार्ग जातो. इतक्या दाटीच्या जागी कर्करोगावर किरणांचा शेक द्यायचा, तर ही ग्रंथी नेमकी कुठे संपते हे आधी कळायला हवे.

सिटी स्कॅनवर ते नीट कळत नाही. ग्रंथी, स्नायू, शिरांचे जाळे सारे एकसारखे करडे दिसते. खालच्या टोकाला तर फारच. मग कड सावधपणे थोडी बाहेर धरली जाते. अनेक अभ्यासांत सिटीवर आखलेली ग्रंथी एमआरआयवरच्या ग्रंथीपेक्षा तीस ते चाळीस टक्के मोठी निघाली. ही वाढीव जागा निरोगी अवयवांची असते.

एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत घेतो. त्यात ग्रंथीचा बाहेरचा भाग उजळ, गाठ बहुधा गडद आणि भोवतीचे आवरण बारीक काळ्या रेघेसारखे दिसते. मग सिटी कशाला? कारण किरण वाटेत किती शोषले जातील, याचा हिशेब संगणक सिटीच्या आकड्यांवरून करतो. एमआरआय ते आकडे थेट देत नाही. काही केंद्रांत आता एमआरआयवरूनच कृत्रिम सिटी तयार करतात. बाकी बहुतेक ठिकाणी दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवतात.

खरी कसोटी या बसवण्यातच असते. गुदाशयात थोडा वायू साठला तरी ग्रंथी सरकते, हाडे मात्र जागेवरच राहतात. म्हणून केवळ हाडे जुळवून भागत नाही. पुष्कळदा ग्रंथीत आधीच सोन्याचे तीन बारीक दाणे बसवतात. सिटीवर ते पांढरे चमकतात, एमआरआयवर काळे ठिपके दिसतात. हे ठिपके जुळले की ग्रंथी जुळली.

‘एमआरआय झालाय की, परत कशाला?’ असे नातेवाईक विचारतात, आणि खर्च पाहता ते रास्तच आहे. पण निदानाच्या वेळचा एमआरआय वेगळ्या स्थितीत काढलेला असतो. नंतर हार्मोनची इंजेक्शने सुरू झाली असतील, तर ग्रंथी आक्रसलेलीही असते. शेकाच्या नियोजनासाठीच्या एमआरआयला शेक देतानासारखेच सपाट टेबल, गुडघ्यांखाली तोच आधार, पोट साफ आणि मूत्राशय ठरल्याइतके भरलेले लागते. पाणी किती आणि कधी प्यायचे, ही सूचना रुग्णांनी औषधाइतकीच काटेकोर पाळावी, असे मला कळकळीने वाटते.

कड सापडली की गाठीकडेही वेगळे लक्ष देता येते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ‘फ्लेम’ चाचणीत ५७१ रुग्ण होते. सर्वांच्या पूर्ण ग्रंथीला ३५ बैठकांत ७७ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा द्यायची होती. निम्म्यांच्या बाबतीत एमआरआयवर दिसलेल्या गाठीपुरती ती ९५ ग्रेपर्यंत वाढवायची होती. पाच वर्षांनी पीएसए, म्हणजे रक्तात मोजले जाणारे प्रोस्टेटचे प्रथिन, पुन्हा न चढता रोगमुक्त राहिलेले रुग्ण वाढीव गटात ९२ टक्के होते, दुसऱ्या गटात ८५. दुष्परिणामांत लक्षणीय वाढ दिसली नाही. त्याला कारण होते: गुदाशय आणि मूत्राशयाची मर्यादा ओलांडली जात असेल, तर गाठीची वाढीव मात्रा कमी करायची, हे नियमातच होते.