ईसीयू बदलला, गाडी सुधारली. मग दोष ईसीयूतच होता का?

कार्यकारणभाव शिकवताना बहुतेक पुस्तकं औषधांच्या चाचण्यांचं उदाहरण देतात. मी आज गॅरेजमधलं घेते. माझा विषयच इलेक्ट्रॉनिक सर्किटं कशी म्हातारी होतात हा आहे. शिवाय इथे निष्कर्ष चुकला तर तो दोन आठवड्यांत खिशाला कळतो. पेपरमधला चुकला तर कधी कधी दहा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

गाडी अमेरिकेतली घेऊ: मित्सुबिशी एक्लिप्स, पहिली पिढी, 1990 ते 1994 ची मॉडेलं. मित्सुबिशी आणि क्रायस्लरने मिळून इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल गावी काढलेल्या कारखान्यात ती बनायची. गावाचं नावच नॉर्मल, त्याला मी काय करू! या गाडीचा ईसीयू, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला सहसा ईसीएम म्हणतात तो डबा, एका गोष्टीसाठी बदनाम आहे. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर काही वर्षांनी गळतात. आतलं द्रव बोर्डावर पसरतं आणि तांब्याचे ट्रॅक खातं. मग गाडी मध्येच बंद पडते, आयडलिंगला इंजिन वरखाली होतं, किल्ली फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटायला हवा तोही पेटत नाही. डबा उघडला तर सडक्या मासळीसारखा वास येतो असं हे मालक लोक सांगतात.

उपाय काय? नवा डबा कंपनीकडून मिळणं आता अवघड, म्हणून रीमॅन्युफॅक्चर्ड डबा घ्यायचा. हा शब्द ‘सेकंडहँड’ किंवा ‘रिपेअर केलेला’ यांच्यापेक्षा वेगळा आहे. रिपेअरमध्ये जे बिघडलंय तेवढंच बदलतात. रीमॅन्युफॅक्चरिंगमध्ये जे बिघडतं असं माहीत आहे ते सगळं बदलतात, बिघडलेलं असो वा नसो. त्यानंतर सेन्सरचे खोटे सिग्नल देऊन आणि खरा विद्युतभार जोडून डबा तपासतात. निदान तसं करणं अपेक्षित असतं. काय काय बदललं आणि कशावर तपासलं हे विक्रेत्याला विचारा. ‘पूर्ण टेस्टेड’ हे उत्तर म्हणजे मेथड सेक्शनमध्ये ‘योग्य पद्धतीने विश्लेषण केले’ असं लिहिण्यासारखं आहे.

समजा डबा आला, बसवला आणि गाडी छान चालायला लागली. सिद्ध झालं?

नाही. डबा बदलताना तुम्ही एक गोष्ट बदललीच नाही, निदान चार बदलल्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, त्यामुळे जुन्या ईसीयूने शिकून ठेवलेल्या इंधनाच्या दुरुस्त्या गेल्या. नवा कोऱ्या पाटीने सुरू होतो. कनेक्टर काढून परत लावला, म्हणजे पिनांवरचा गंज घासला गेला. वायरिंग हार्नेस हलली, एखादी अर्धवट तुटलेली तार तात्पुरती जुळली असेल. आणि हो, डबाही बदलला. गाडी यातल्या कशामुळेही सुधारू शकते.

यावर उतारा सोपा आहे आणि जवळजवळ कुणी करत नाही: जुना डबा परत लावून बघा. दोष परत आला आणि नवा लावल्यावर पुन्हा गेला, तर तुमचं म्हणणं पक्कं. जुना लावूनही गाडी नीटच चालली, तर पैसे कनेक्टर साफ करण्यात गेले असं समजा. प्रयोग-आराखड्याच्या भाषेत याला अ-ब-अ म्हणतात. या जुन्या गाडीत ते सहज जमतं, फक्त टर्बो की बिनटर्बो, मॅन्युअल की ऑटोमॅटिक एवढं जुळणारा डबा हवा. पुढच्या काळातल्या इमोबिलायझरवाल्या गाड्यांत डबा किल्ली ओळखतो, चासी नंबर त्यात लिहावा लागतो. तिथे अदलाबदल एवढी स्वस्त राहत नाही.

पण दोष कधीतरीच येत असेल तर? समजा दहापैकी एका वेळी गाडी सुरू होत नव्हती. नवा डबा लावून पाच वेळा सुरू केली, पाचही वेळा झाली. काहीच दुरुस्त झालं नसतं तरी असं घडण्याची शक्यता 0.9 चा पाचवा घात, म्हणजे जवळपास 59 टक्के! ही शक्यता 5 टक्क्यांच्या खाली न्यायची तर लागोपाठ 29 वेळा बिनतक्रार सुरू व्हायला हवी. त्यातही सगळे प्रयत्न थंड इंजिनवर सकाळीच केले आणि दोष मात्र गरम झाल्यावर येणारा असेल, तर 29 काय 290 केले तरी व्यर्थ.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. डबा खरंच बिघडला होता हे पक्कं झालं, तरी तो कशाने बिघडला हा प्रश्न उरतोच. याच गाडीत आयडलिंगची हवा सांभाळणारी एक छोटी स्टेपर मोटर आहे. तिच्या गुंडाळीचा रोध साधारण 30 ओहम. 12 व्होल्टला प्रवाह होतो 0.4 अँपिअर, ईसीयूतला ड्रायव्हर तो सहज पेलतो. गुंडाळी आतून शॉर्ट होऊन रोध 3 ओहमवर आला, तर प्रवाह होतो 4 अँपिअर, दहापट, आणि ड्रायव्हर जळतो. अशा वेळी ईसीयू हा आरोपी नसून बळी असतो. मोटर न तपासता नवा डबा लावला की तोही त्याच वाटेने जातो, आणि मग विक्रेत्याच्या नावाने शंख सुरू. हे तपासायला लागतो एक साधा मल्टीमीटर आणि पाच मिनिटं.

त्याच मल्टीमीटरने डबा मागवण्याआधीच आणखी एक गोष्ट बघायची: इंजिन चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह बाजू आणि ईसीयूची अर्थ पिन यांच्यातला व्होल्टेज. तो अगदी थोडा, 0.1 व्होल्टच्या आत असावा. अर्थ खराब असेल तर चांगला ईसीयूही सेन्सर चुकीचे वाचतो.

आता वेळेचं गणित. हे डबे बहुधा अनामत घेऊन विकतात. जुना डबा ठरलेल्या मुदतीत परत पाठवला तरच ती रक्कम मिळते. त्यामुळे नवा लावल्याच्या आनंदात लोक जुना त्याच संध्याकाळी पार्सल करतात. अ-ब-अ मधला दुसरा ‘अ’ त्या खोक्यातच जातो. मुदत किती दिवसांची आहे ते आधी विचारून घ्या, आणि तेवढे दिवस जुना डबा घरीच ठेवा.