मधले घर

संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे होतात तेव्हा साताऱ्याहून सुटलेली एसटी उंब्रजच्या आसपास असते. खिडकीशी बसलेली तरुणी मोबाइलवर वेळ पाहते, डबीतून एक खजूर काढते आणि पाण्याच्या घोटाबरोबर रोजा सोडते. शेजारी बसलेल्या आजींच्या ते लक्षात येते आणि त्या पिशवीतले केळे पुढे करतात. कराडच्या घरी पोहोचायला अजून अर्धा तास असतो. तिथे तिची मैत्रीण फळे कापून, भज्यांचे पीठ भिजवून वाट पाहत असते. ही मैत्रीण सांगलीच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळपाळी संपवून ती तासाभरापूर्वीच घरी आलेली असते.

या दोघींची नावे बाजूला ठेवू, कारण सातारा-कराड-सांगली या पट्ट्यात अशा जोड्या कमी नाहीत. कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणींना नोकऱ्या मात्र दोन दिशांना लागतात. एकटीला घरभाडे परवडत नाही, अनोळखी मुलीबरोबर राहायचे तर घरचे काळजी करतात आणि जमलेली सोबत मोडवत नाही. मग प्रश्न उरतो तो घर कुठे घ्यायचे हा.

नकाशा पाहिला तर उत्तर सोपे वाटते. सातारा ते सांगली अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. रोज जाऊन-येऊन करायचे म्हटले तर पाच-सहा तास रस्त्यावर जातात. म्हणजे साताऱ्यात घर घेतले तर एकीचे हाल आणि सांगलीत घेतले तर दुसरीचे. मध्ये कराड आहे. पण कराड तरी नेमके मध्ये आहे का? साताऱ्याहून ते सुमारे पन्नास किलोमीटर, तोही सगळा महामार्ग. सांगलीकडे मात्र पेठ नाक्यावर महामार्ग सोडून आष्ट्यावरून जावे लागते आणि अंतर सत्तरच्या घरात जाते. एकीचा सव्वा तास, तर दुसरीचा पावणेदोन तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर पहिलीचे बासष्ट तास प्रवासात जातात आणि दुसरीचे सत्त्याऐंशी. मधले घर घेऊनही एकीच्या वाट्याला महिन्याकाठी पंचवीस तास जास्त येतात.

बहुतेक जोड्यांची कुरबूर इथूनच सुरू होते. अंतर काही कुणाला बदलता येत नाही, पण बाकीचे वाटे बदलता येतात. समजा घरभाडे ७,२०० रुपये आहे. ते निम्मे-निम्मे न करता अंतराच्या उलट प्रमाणात वाटले, तर जिचा प्रवास कमी तिने ४,२०० द्यायचे आणि जिचा जास्त तिने ३,०००. हा हिशेब पहिल्याच दिवशी बोलून ठेवलेला बरा. सहा महिने मनात साठवून एखाद्या रात्री भांडी घासताना तो बाहेर पडला, तर पैशांपेक्षा मन जास्त दुखावते.

तिकिटाचा भार आता थोडा हलका झाला आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागते. एकत्र राहणारे दोघे तरुण असतील तर त्यांच्यासाठी मासिक पास आहे. त्यात वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस प्रवास होतो. पण पैसा वाचला तरी वेळ वाचत नाही. म्हणून कराडमध्ये घर शोधताना भाड्याइतकेच घरापासून एसटी कुठे मिळते हेही पाहावे लागते. लांब पल्ल्याच्या काही गाड्या शहरात न येता महामार्गावरच प्रवासी उतरवतात. बसस्थानकाजवळचे घर अशा वेळी दूरचे ठरते आणि मलकापूरच्या बाजूचे, महामार्गालगतचे घर सोयीचे. रेल्वेने सांगलीला जायचा विचार असेल, तर कराडचे स्टेशन गावात नसून ओगलेवाडीला आहे हे विसरून चालत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशात दिसत नाही. कचेरीची नोकरी दहा ते साडेपाच असते, तर रुग्णालयाची नोकरी पाळीची. दुपारपाळी रात्री दहाला सुटली, तर सांगलीहून कराड गाठणे मुलीसाठी सोपे नाही. शहाण्या जोड्या त्याची सोय आधीच करतात. पाळीच्या आठवड्यात सांगलीत मावशीकडे किंवा सहकारी नर्सच्या खोलीवर एक अंथरूण ठरलेले असते. मधले घर निवडणाऱ्याने दुसऱ्या गावातले हे अंथरूणही हिशेबात धरावे.

एवढे सगळे जमले तरी घरमालकाचा प्रश्न उरतोच. फोनवर भाडे ठरते, खोली पसंत पडते आणि मग आडनाव विचारले जाते. एक आडनाव ऐकून चेहरा खुलतो, दुसरे ऐकले की घर अचानक ‘कालच दिलेले’ असते. कुणी स्वयंपाकात काय शिजणार ते विचारतो. कुणी सुचवतो, करार एकीच्याच नावावर करा, दुसरी राहू दे तशीच. ही सूचना वरवर भली वाटते, पण ती मान्य केली की दुसरी मुलगी त्या घरात पाहुणी होऊन राहते. पत्त्याचा पुरावा तिला मिळत नाही आणि उद्या काही झाले तर त्या घरावर तिचा हक्कही नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. त्यात दोन्ही नावे आग्रहाने घालून घ्यावीत. हा आग्रह जिचे आडनाव चालते तिने धरला, तर त्याला वजन येते. ‘दोघींची नावे नसतील तर आम्हाला घर नको’ हे वाक्य तिच्या तोंडून आले, की मैत्री खऱ्या अर्थाने करारात उतरते. अशा वेळी एखादी घरमालकीण निघतेच, जी म्हणते, ‘पोरींनो, वेळेवर भाडं द्या आणि जिना झाडून ठेवा, एवढं पुरे.’

वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांनी एका छताखाली राहणे या मातीला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी मिरज तालुक्यातल्या दुधगावात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहाच्या कामात पुढाकार घेतला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला हलवले. तिथल्या वसतिगृहात सगळी मुले एकाच पंगतीत जेवत. पैसा अपुरा पडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. त्या काळी आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कराडच्या भाड्याच्या खोलीत सातारची आणि सांगलीची मुलगी एकत्र राहते, तेव्हा ती त्याच जुन्या पंगतीत बसलेली असते.

रमजान आला की या घराचे वेळापत्रक उलटते. एरवी सांगलीची मैत्रीण पहाटे पावणेसहाला घर सोडते, म्हणून दोघींचे डबे सातारची करते. रमजानमध्ये सहेरीसाठी साडेचारला उठावेच लागते. सांगलीची त्याच वेळी उठून डबा भरत असते. अकरा महिने एकीच्या उठण्याने दुसरीची झोप मोडायची, ती या एका महिन्यात मोडत नाही. दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहतात, एक भाकरी थापते आणि दुसरी चहा गाळते. संध्याकाळी सांगलीची आधी पोहोचते, म्हणून इफ्तारची तयारी तिच्याकडे जाते. वर्षभर डबे करणारीला महिनाभर कुणीतरी ताट वाढून देते. नवरात्रात सांगलीचीचे उपवास असतात, तेव्हा साबुदाणा भिजवायची आठवण सातारची ठेवते.

प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे. आपल्याकडचे अनेक उलेमा त्यासाठी सुमारे ७७ किलोमीटरचे अंतर धरतात. कराड-सातारा त्यात बसत नाही, म्हणून एसटीतला खजूर. त्याच कुरआनच्या सूरह निसामध्ये ज्यांच्याशी चांगले वागावे अशांची यादी आहे. त्यात जवळचा शेजारी आहे, दूरचा शेजारी आहे आणि त्यांच्यासोबत ‘साहिब-बिल-जंब’ म्हणजे बाजूला असलेला सोबतीही आहे. भाष्यकार त्याचा अर्थ सहप्रवासी, सहकारी, जोडीदार असा लावतात. आजच्या भाषेत रूममेट त्यात सहज बसते. केळे पुढे करणाऱ्या एसटीतल्या आजीही बसतात.

घर शोधणाऱ्या जोड्यांनी म्हणूनच मोजपट्टी नकाशावर ठेवण्याआधी एकमेकींसमोर काही प्रश्न ठेवावेत. कुणाची वेळ बांधलेली आहे? अंधारात कुणाला यावे लागणार? दमून आल्यावर चूल कोण पेटवणार? याची उत्तरे जमली, तर घर दहा किलोमीटर इकडे की तिकडे याने फारसे बिघडत नाही. ती जमली नाहीत, तर अगदी मधोमध घेतलेले घरही दोघींना लांबच पडते.

सव्वासातला दारावर टकटक होते. आतून आवाज येतो, ‘अगं, उघडंच आहे. हात धू, तेल तापलंय.’