केसाला लागलेला पुरावा

मृताच्या मुठीत एक केस सापडला, तर पंचनाम्यात त्याची नोंद ‘एक काळा केस’ एवढ्यावर भागते. तो कुणाचा, हा प्रश्न सगळेच विचारतात. पण मूळ नसलेल्या केसात डीएनए थोडा आणि तुटका असतो, आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन केस ताडून पाहण्यावर भरवसा उरलेला नाही. एफबीआयने २०१५ साली आपल्याच तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा आरोपीविरुद्ध गेलेल्या २६८ साक्षींपैकी २५७ सदोष निघाल्या. म्हणून त्या केसाला काय लागले आहे, हेही विचारायला हवे.

सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागसारख्या बाजारगावात केसाला लागते ते मुख्यतः तेल आणि डाय. खोबरेलात लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. सोलापूरकडच्या करडईच्या तेलात ते जवळजवळ नसते, तिथे लिनोलेइक आम्लाचा भरणा. एरंडेल रिसिनोलेइक आम्लावरून ओळखू येते. केसावरचे तेल द्रावकात उतरवून, त्यातल्या आम्लांचे मिथाइल एस्टर करून गॅस क्रोमॅटोग्राफीत घातले की ही आम्ले वेगवेगळी होऊन समोर येतात. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली दाखवले की खोबरेल केसातल्या प्रथिनाची झीज कमी करते. खनिज तेलाला ते जमत नाही. खोबरेल केसाच्या आत शिरते, हे त्याचे कारण. तेव्हा ते नुसते वरवर पुसून शोधणे पुरेसे नाही.

डायची गोष्ट आणखी बोलकी. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन असते. त्याचे लहान रेणू केसात शिरतात आणि तिथे ऑक्सिडीकरण होऊन मोठे होतात, मग सहजी बाहेर पडत नाहीत. खऱ्या मेंदीतले लॉसोन केसाच्या केराटिनलाच चिकटते. अमेरिकेत कुरोस्की आणि व्हॅन डाइन यांनी २०१५ मध्ये रामन वर्णपटाच्या एका संवेदनशील पद्धतीने केस न विरघळवता त्यावरचे डाय ओळखून दाखवले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. उपटलेल्या केसाच्या मुळाशी न रंगलेला भाग किती, यावरून डाय कधी लावला याचा अंदाज बांधता येतो. माझ्या मते या सगळ्या तपासणीत न्यायालयाच्या सर्वांत कामाचे हेच आहे.

पण रसायन जुळले म्हणजे माणूस सापडला असे नव्हे. १९१२ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँमध्ये एका तरुणीच्या खुनाच्या तपासात न्यायवैद्यक तज्ज्ञ एडमंड लोकार यांनी संशयिताच्या नखांखालची गुलाबी पावडर ओळखली. ती त्या मृत तरुणीसाठी औषधविक्रेत्याने खास बनवलेली होती, म्हणून तिला वजन आले. आपल्याकडे एकाच कंपनीचे तेल नि एकाच डायची पुडी घरोघर असते. त्यामुळे न जुळणारे रसायन एखाद्याला संशयातून मोकळे करायला जास्त उपयोगी पडते, आणि निरपराध माणसासाठी ते मोलाचे आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचे आहे. तिथे केस कोरड्या कागदाच्या पुडीत घ्यावा, तेलकट बोटे लागू देऊ नयेत. मृताच्या आणि संशयिताच्या डोक्याच्या निरनिराळ्या भागांतले केस वेगळे घ्यावेत. आणि दोघांच्याही घरातली तेलाची बाटली, फणी, डायची पुडी हा मुद्देमाल त्याच दिवशी सील करावा. रासायनिक विश्लेषकाच्या (सीए) रिपोर्टला ताडून पाहायला दुसरी बाजू तिथूनच मिळते.