खळ जाते, सूत राहतं

ओहोटीला ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीकाठी उभं राहिलं की पलीकडचं काल्हेर हाकेच्या अंतरावर वाटतं. मधे उल्हास नदीचं खारं पाणी, दोन्ही काठांना तिवरं. काल्हेरपासून पुढे भिवंडी, म्हणजे यंत्रमागांचं गाव.

मागावर चढण्याआधी ताण्याचं सुती सूत सायझिंगमध्ये खळीतून काढतात. धोट्याची ये-जा आणि फणीचं घासणं कोरं सूत सोसत नाही, तटातट तुटतं. खळीचा लेप त्याला तारून नेतो. पण कापड विणून झालं की तीच खळ आडवी येते. रंग आत शिरत नाही, ठिपके-ठिपके बसतो. म्हणून रंगाईआधी ती काढावीच लागते. पूर्वी कापड भिजवून कुजत ठेवत, नाहीतर पातळ आम्लात बुडवत. आम्ल खळीबरोबर सूतही खाई आणि कापड विरून जाई.

हे काम नेमकं करणारं यंत्र म्हणजे अल्फा-अमायलेज. शाळेत ज्यांना विकरं म्हणतात, त्यांतलं एक. जवळपास ५०० अमिनो आम्लांची ही एक साखळी. ती सरळ राहत नाही. मधे आठ पट्ट्यांचं पिंप, भोवती आठ वेटोळी, अशी घडी पडते. एका बाजूला खाच राहते. खाचेच्या तळाशी तीन आम्लधर्मी कड्या असतात आणि घडी पक्की धरायला कॅल्शियमचा आयन. साखळीत एकमेकींपासून लांब असलेल्या त्या तीन कड्या घडीमुळेच शेजारी येतात. घडी उसवली की साखळी तीच राहते, काम मात्र थांबतं.

मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं. खळ म्हणजे स्टार्च, सुती धागा म्हणजे सेल्युलोज. दोन्ही निव्वळ ग्लुकोजच्या माळा. मणी तोच, फरक फक्त सांध्याचा. स्टार्चमध्ये सांधा असा बसतो की माळ स्प्रिंगसारखी वळत जाते. सेल्युलोजमध्ये दर पुढचा मणी उलटा बसतो, माळ ताठ राहते आणि अशा माळा एकमेकींना घट्ट बिलगतात. अमायलेजच्या खाचेत पहिला सांधा बसतो, दुसरा बसत नाही. आम्लाला न कळणारा फरक या घडीला कळतो. खळ तुकडे होऊन पाण्याबरोबर निघून जाते आणि सूत आहे तसं राहतं.

काम झालं की नाही ते आयोडिनचा थेंब सांगतो. आयोडिन स्टार्चच्या वेटोळ्यात शिरून गडद निळं होतं. कापडावर निळा डाग उमटला तर खळ शिल्लक आहे. पिवळसर राहिला तर माल पुढे जाऊ शकतो.

१८३३ साली पॅरिसमध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून हे विकर वेगळं काढलं आणि त्याला डायस्टेज नाव दिलं. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्या याच यंत्रावर विसंबून असत. मोडाच्या पिठाची लापशी पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं आणि बाळाला गिळताही येतं. भाजताना आच वाढली तर विकर निकामी होतं आणि लापशी घट्ट होते. कापडासाठी मात्र बॅसिलस प्रजातीच्या जिवाणूंचं अमायलेज वापरतात. त्यातलं एक तर ९० अंशांच्या पाण्यातही घडी मोडू देत नाही. अशी विकरं टाक्यांत जिवाणू वाढवून काढतात. ठाण्यात मुख्यालय असलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीजचा एक कारखाना सिन्नरला आहे.

कोलशेतलाही कापडाचा धागा होताच. इथे सॅन्डोझचा, पुढे क्लॅरियंटचा कारखाना रंग आणि कापडाची रसायनं बनवायचा. आज त्या बाजूला उंच इमारती आहेत. सॅन्डोझबाग हे नाव तेवढं टिकलं आहे.

काठावर मात्र दुसरं एक यंत्र चालूच आहे. तिवराचं पान पिवळं होऊन चिखलात पडतं. त्याचं अंग सेल्युलोजचं, म्हणजे अमायलेजला न जमणाऱ्या सांध्यांचं. पण चिखलातल्या बुरश्यांकडे आणि जिवाणूंकडे सेल्युलेज असतं, त्याची खाच याच ताठ माळेच्या मापाची. परवा मी असंच एक पान उचललं. मधला हिरवा-पिवळा गर विरघळून गेला होता, शिरांची जाळी तेवढी बोटावर राहिली, आणि तिच्यातून पलीकडचं काल्हेर दिसत होतं.